डिस्चार्ज कार्डावर तोंडासाठी चार ओळी

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



दरवर्षी ३ ऑगस्टला देशभर अवयवदान दिन साजरा होतो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या चमूने भारतातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. त्या दिवशी व्यासपीठावरून जे आकडे वाचले जातात, ते अभिमानाने वाचावेत असेच आहेत. २०१३ साली देशात वर्षाला पाच हजारांच्या आत असलेली प्रत्यारोपणे २०२४ मध्ये १८,९०० च्या पुढे गेली. महाराष्ट्राचे या कामाशी नाते तर फार जुने. परळच्या केईएम रुग्णालयात मे १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा देशातला पहिला प्रयत्न झाला, आणि आज पश्चिम विभागाचे रोटो-सोटो हे अवयवदान समन्वय केंद्रही त्याच केईएममध्ये आहे.

हे पत्र त्या शस्त्रक्रियांच्या पुढच्या काळाबद्दल आहे. शस्त्रक्रिया नीट झाली, क्रिएटिनिन खाली आले, नवे मूत्रपिंड घेऊन माणूस घरी गेला, आणि काही आठवड्यांतच भाकरीचा तुकडा तोंडात धरवेना म्हणून ताटावरून उठू लागला. त्याचे तोंड आले आहे. ओठांच्या आतल्या बाजूला, गालांना, जिभेखाली पिवळट-करड्या तळाचे, लाल कडेचे गोल व्रण आहेत. पाणी पितानासुद्धा डोळ्यांत पाणी येते.

घरात सगळ्यांना कारण ठाऊक असते. पोटात उष्णता झाली. मग जाईचा पाला चघळायला मिळतो, ज्येष्ठमधाची कांडी येते, तुरटीच्या गुळण्या होतात, व्रणांवर तूप लावले जाते, सब्जा भिजतो, गुलकंद येतो, सकाळी शहाळे फोडले जाते. मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सची पट्टी देतो. निरोगी माणसाचे तोंड यातल्या कशानेही किंवा कशाशिवायही आठ-दहा दिवसांत बरे होते, म्हणून या उपायांवरचा विश्वास पिढ्यान् पिढ्या टिकला आहे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला मात्र हेच उपाय कधी अडचणीत आणतात. प्रत्यारोपणानंतर घ्यावी लागणारी टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधे रक्तातले पोटॅशियम वाढवतात, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड मिळून अनेकांना नव्याने मधुमेह होतो, आणि गुलकंदात निम्म्याहून अधिक साखर असते. घरच्यांनी मायेने आणलेली वाटी डॉक्टरांच्या कानावर जातच नाही, कारण तोंड आल्याचे डॉक्टरांना सांगायचे असते हेच कुणी त्यांना सांगितलेले नसते.

या व्रणांचे एक मोठे कारण खुद्द गोळ्यांमध्येच असते. बाहेरून आलेला अवयव शरीराने परका म्हणून नाकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांतल्या सिरोलिमस आणि एव्हरोलिमस या दोन भावंडांचे तोंडाशी विशेष वाकडे आहे. सिरोलिमसची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडाचे एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेले आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन परतले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य वेगळे केले. सेहगल मूळचे पंजाबातले, बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले. बेटाच्या स्थानिक नावावरून, रापा नुईवरून, द्रव्याला रापामायसिन म्हटले गेले. पहिला रस होता तो बुरशीविरोधी औषध म्हणून, तोंडात पांढरा थर आणणाऱ्या कँडिडा बुरशीवर ते चालते म्हणून. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा सेहगलांनी हे द्रव्य घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवले. पुढे ते प्रतिकारशक्ती दाबते हे पक्के झाले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी त्याला मान्यता मिळाली. एका माणसाच्या चिकाटीने औषध वाचले आणि त्या औषधाने असंख्य अवयव वाचवले.

पण हे औषध काम कसे करते, ते पाहिले की तोंड का येते तेही कळते. पेशीने वाढावे, विभागावे, असा निरोप देणारी एक यंत्रणा असते. हे औषध तीच अडवते. प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या वाढत नाही, म्हणून नवा अवयव सुरक्षित राहतो. तोंडाच्या आतले अस्तर तर दर एक-दोन आठवड्यांनी नवे होत असते. चावताना, घास फिरवताना, टोकदार दात घासल्याने रोज त्याला बारीक इजा होते आणि एरवी ती न कळत भरून येते. औषधाने ही भरपाई मंदावते. शस्त्रक्रियेची जखमही याच कारणाने उशिरा भरते, म्हणून अनेक शल्यचिकित्सक ही दोन औषधे पहिल्या काही आठवड्यांत टाळतात. व्रण बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर लवकरच दिसतात आणि रक्तातली पातळी जास्त असेल तेव्हा अधिक दिसतात. म्हणजे तोंड हे डोस जास्त झाल्याचे सांगणारे, टॉर्चच्या उजेडात फुकट वाचता येणारे मीटर आहे.

हा त्रास किरकोळ समजला जाऊ नये यासाठी एक दाखला. सिरोलिमस आणि मायकोफेनोलेट ही दोन औषधे एकत्र देऊन पाहणारा नेदरलँड्समधला एक अभ्यास तोंडातल्या व्रणांमुळे अर्ध्यावर थांबवावा लागला. २००३ साली ती माहिती प्रसिद्ध झाली. रक्तदाब किंवा यकृत नव्हे, तोंड आल्यामुळे एक संशोधन बंद पडले.

मायकोफेनोलेट आपल्याकडे बहुतेक रुग्णांच्या डब्यात असते. त्याने कधी थेट व्रण होतात, कधी पांढऱ्या पेशी घटतात आणि मग तोंड येते. ॲझाथायोप्रिन हे जुने, स्वस्त औषध अजूनही काहींना चालू असते. त्याच्या जोडीला कुणी युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल सुरू केले, तर ॲझाथायोप्रिनचा परिणाम कित्येक पटींनी वाढून अस्थिमज्जाच दबते, आणि घसा दुखणे, तोंड येणे ही त्याची पहिली खूण असू शकते. सायक्लोस्पोरिनने व्रण क्वचित होतात, पण हिरड्या दातांवर चढतात. सोबत रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन असेल तर आणखीच. त्या सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांत दातांचे डॉक्टर पायोरिया पाहतात आणि गोळ्यांची यादी विचारत नाहीत.

आता या विषयातला खरा अवघड भाग. प्रतिकारशक्ती दबलेल्या तोंडात सगळेच व्रण औषधाचे नसतात. हर्पिसचा विषाणू उठू शकतो. एरवी त्याचे फोड ओठांवर, हिरड्यांवर, टाळूवर येतात. या रुग्णांत ते तोंडात कुठेही येतात आणि साध्या व्रणासारखे दिसतात. सायटोमेगॅलो विषाणूचा एखादाच मोठा, खोल व्रण असतो. क्षयाचा व्रण आपल्या देशात विसरून चालत नाही. टाळूवर काळी खपली दिसली तर ती म्युकरमायकोसिस असू शकते, आणि २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत या बुरशीने काय केले ते महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. शिवाय कर्करोग. प्रत्यारोपणानंतर ओठांच्या आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. मशेरी लावणाऱ्या बाईच्या गालातला दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण ‘गोळ्यांमुळे असेल’ म्हणून सोडून देणे हा अक्षम्य निष्काळजीपणा ठरेल. त्याचा तुकडा तपासायलाच हवा.

म्हणून एकच मलम सगळ्यांना चालत नाही. औषधाच्या व्रणावर स्टेरॉइडची पेस्ट गुणकारी, हर्पिसवर तीच घातक. पांढऱ्या पेशी घटल्या असतील तर आधी रक्त पाहायला हवे. आणि हे सगळे ठरवायचे कुणी? गडचिरोलीच्या रुग्णाचे प्रत्यारोपण केंद्र नागपुरात, सिंधुदुर्गातल्याचे मुंबईत नाही तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. तोंड आले म्हणून कुणी एसटीचा दिवसभराचा प्रवास करत नाही. तो जातो गल्लीतल्या डॉक्टरकडे, दातांच्या दवाखान्यात किंवा थेट मेडिकलवर. तिथल्या लोकांची नियत चांगलीच असते. फक्त या गोळ्यांचे पथ्य त्यांना माहीत नसते.

ते पथ्य किती बारीक आहे पाहा. दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दिले तर नव्या मूत्रपिंडावर घाव. तोही पॅरासिटामॉलवर भागत असताना. संसर्ग वाटून क्लॅरिथ्रोमायसिन दिले, बुरशी वाटून फ्लुकोनाझोल दिले, तर टॅक्रोलिमस आणि सिरोलिमसची रक्तातली पातळी झपाट्याने चढते, कारण टॅक्रोलिमस-सिरोलिमस शरीरातून काढणारे यकृत-आतड्यातले विकरच ही नवी औषधे अडवतात. क्लोट्रिमॅझोलच्या तोंडात विरघळवायच्या गोळ्यांनीही टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंद आहे. म्हणजे तोंडावरचा उपाय तोंडातल्या व्रणाचे कारणच वाढवू शकतो. फळेही यातून सुटलेली नाहीत. ग्रेपफ्रूट टाळा असे कागदावर छापलेले असते. पण गणपतीच्या वर बांधतात त्या फळांच्या माटोळीला टांगलेले पपनस त्याचेच भावंड आहे, आणि पपनस खाल्ल्याने एका मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाची टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याचे जपानी डॉक्टरांनी नोंदवले आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या रुग्णाला ग्रेपफ्रूट सांगून काय उपयोग? त्याला पपनस सांगायला हवे. तसेच गुळवेलीचे. प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी तिचा काढा घरोघरी उकळला जाऊ लागला. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेल्या माणसाला तो देणे म्हणजे उलट दिशेने ओढणे. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांतल्या यकृताच्या इजेकडे लक्ष वेधले होते. आयुष मंत्रालयाला ते निष्कर्ष मान्य नव्हते, पण प्रत्यारोपणाच्या रुग्णाने त्या वादात स्वतःचे यकृत पणाला लावण्याचे कारण नाही.

या सगळ्याहून गंभीर गोष्ट मुकाट्याने घडते. चार दिवस नीट जेवण नाही. पेज, ताकभात, दूध यांवर दिवस चालले आहेत. रुग्ण शहाणा असतो; त्याच्या लक्षात येते की ती एक गोळी सुरू झाल्यापासून हे चालू आहे. मग तो ती गोळी एक दिवस सोडतो, दुसऱ्या दिवशी अर्धी घेतो. तोंड बरे वाटू लागते. आपण उपाय शोधला असे त्याला वाटते, आणि तो तिथे चुकतही नाही, कारण डोस कमी करणे हा या व्रणांवरचा खरोखरीचा वैद्यकीय उपाय आहे. फरक इतकाच की डॉक्टर डोस कमी करतात तेव्हा पातळी तपासतात, दुसरे औषध सावरून घेतात. रुग्णाने स्वतः केले तर शरीर त्या अवयवावर उलटते. औषधे चुकवणे हे प्रत्यारोपित मूत्रपिंड निकामी होण्याचे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. ते मूत्रपिंड अनेकदा आईचे किंवा बायकोचे असते. भारतातल्या जिवंत अवयवदात्यांत निम्म्याहून बऱ्याच अधिक स्त्रिया आहेत. तिने दिलेले तिला परत मिळत नाही.

उपाय अवघड नाहीत, महागही नाहीत. स्तनाच्या कर्करोगासाठी एव्हरोलिमस घेणाऱ्या स्त्रियांना याच व्रणांनी बेजार केले होते. तिथला डोस प्रत्यारोपणापेक्षा कितीतरी मोठा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ९२ स्त्रियांना औषध सुरू होतानाच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या बिनअल्कोहोल द्रावणाने दिवसातून चार वेळा, दोन मिनिटे तोंड खळखळवून थुंकायला सांगितले. आधीच्या अभ्यासात आठ आठवड्यांत सुमारे ३३ टक्के रुग्णांना जेवणाच्या आड येईल इतका त्रास झाला होता. इथे ते प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले. ही माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला तोच नियम डोळे मिटून लावू नये, कारण त्याला संसर्गाची भीती जास्त. पण व्रण औषधाचाच आहे अशी खात्री झाल्यावर स्टेरॉइडच्या गुळण्या हा उपाय आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांना परका नाही, आणि त्यासाठी लागणारी गोळी काही रुपयांची असते. मऊ ब्रश, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, टोकदार दात घासून घेणे, कवळी घट्ट असेल तर दुरुस्त करणे, अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळणे, थोडे दिवस ठेचा आणि तर्री बाजूला ठेवणे, एवढ्यानेही घास गिळता येतो.

मंत्रिमहोदय, आपल्या शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली. अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गरीब रुग्णांना नंतरच्या औषधांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. एवढा पैसा ज्या गोळ्यांवर खर्च होतो, त्या गोळ्या रुग्णाने तोंड दुखते म्हणून डब्यातच ठेवू नयेत, इतकीच या पत्राची काळजी आहे.

त्यासाठी पहिली मागणी डिस्चार्ज कार्डाची. मराठीत, ठळक अक्षरांत चार ओळी: तोंड आले तर गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रत्यारोपण समन्वयकाला त्याच दिवशी फोन करा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल केंद्राला विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दाखवायलाच हवा. हाच मजकूर मागच्या बाजूला डॉक्टर, दंतवैद्य आणि औषध दुकानदारांसाठी थोड्या तांत्रिक भाषेत छापला तर रुग्णाने तो कागद नुसता पुढे करायचा. पुण्याच्या, मुंबईच्या, नागपूरच्या, छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समन्वय केंद्रांकडून तो एकाच नमुन्यात निघू शकतो. टाळायच्या फळांच्या यादीत पपनस हवे, पेयांच्या यादीत शहाळे हवे, काढ्यांच्या यादीत गुळवेल हवी.

दुसरी मागणी ओपीडीची. दर भेटीत वजन, रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन पाहिले जाते. त्यात ‘आ करा’ एवढे दोन शब्द वाढावेत. टॉर्च आणि लाकडी पट्टी पुरते. तपासणाऱ्याने दिसले ते लिहावे: व्रण आहे की नाही, कुठे, किती दिवसांचा, कुठली गोळी नव्याने सुरू झाल्यानंतरचा. पाच वर्षांनी या नोंदींतून महाराष्ट्राचे स्वतःचे चित्र उभे राहील, आणि कुठल्या औषधाने कुणाचे तोंड येते हे परदेशी पुस्तकांतून उचलावे लागणार नाही.

तिसरी मागणी जोडणीची. केईएम आणि नायर रुग्णालय दंत महाविद्यालय ही दोन्ही मुंबई महापालिकेचीच. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तोंडाच्या विकारांचे तज्ज्ञ तिथे रोज व्रण पाहतात. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागल्यापासूनच रुग्ण त्यांच्याकडे जावा. किडलेले दात, पू असलेल्या हिरड्या शस्त्रक्रियेआधीच निस्तराव्यात. नंतर गरज पडली तर फोटो पाठवून सल्ला मिळावा. शासकीय दंत महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाखाली, काही रुग्णालये आपल्याकडे, काही महापालिकांकडे, ही विभागणी रुग्णाला ठाऊक नसते. ती ओलांडायचे काम मंत्रालयातच होऊ शकते.

चौथी मागणी रक्ततपासणीची. टॅक्रोलिमस किंवा सिरोलिमसची रक्तातली पातळी तपासण्याची सोय तालुक्याच्या गावी नसते. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे असते, म्हणून रुग्ण आदल्या रात्रीच शहरात येऊन राहतो. जिल्हा रुग्णालयात सकाळी नमुना घेऊन तो केंद्राच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची व्यवस्था झाली, तर तोंड आल्याच्या तिसऱ्या दिवशी डोस बरोबर आहे की जास्त हे कळेल, आणि अनेकांची गोळी डॉक्टरांच्या हातानेच कमी होईल.

येत्या ३ ऑगस्टच्या कार्यक्रमात दात्यांच्या कुटुंबांचा सत्कार होईल. त्याच व्यासपीठावरून हे कार्ड प्रसिद्ध करता येईल. मजकूर तयार करायला एक नेफ्रॉलॉजिस्ट, तोंडाच्या विकारांचा एक तज्ज्ञ, एक औषधतज्ज्ञ, एक समन्वयक आणि ज्यांनी हे व्रण सोसले आहेत असे दोन रुग्ण पुरेसे आहेत. त्या दोन रुग्णांना वगळू नये ही विशेष विनंती. कुठला शब्द घरात समजतो आणि कुठला समजत नाही, हे त्यांच्याइतके कुणी सांगू शकणार नाही. अशा समितीची पहिली बैठक केव्हा होईल, हे जाहीरपणे कळवावे.